मॅलार्डचा नर कोणता, मादी कोणती: डोकं नंतर, आधी चोच बघा

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र आलेत, म्हणून आधी ते वेगळे करतो. पहिला असा, की पावसाळ्याच्या सुरुवातीला आठवडी बाजारातून ‘मॅलार्ड’ जातीची बदकं म्हणून घेतलेली आठ पिल्लं गेवराईजवळच्या तुमच्या शेततळ्यावर आता अडीच महिन्यांची झालीत. विकणाऱ्याने ‘सगळ्या माद्याच आहेत’ म्हणून चार पैसे जास्त घेतले. सगळी सारखीच तपकिरी दिसतात, मग त्याचं म्हणणं खरं मानायचं का? दुसरा प्रश्न मागच्या डिसेंबरातला. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, हिरव्या डोक्याची बदकं पाहिलीत, ते मॅलार्डचे नर होते का?

पहिल्याचं उत्तर: नुसत्या तपकिरी रंगावरून या वयात कुणालाच काही सांगता येत नाही, आणि बाजारात पिल्लं दोन-तीन आठवड्यांची असताना तर त्या विकणाऱ्यालाही सांगता येणं शक्य नव्हतं. पण आता चोच आणि आवाज मिळून तुमचं काम होईल. दुसऱ्याचं उत्तर: बहुधा नाही. ती थापट्या, म्हणजे फावड्यासारख्या चोचीची रानबदकं असावीत. दोन्हींची कारणं पुढे देतो.

पुस्तकात आणि मोबाइलवर जो मॅलार्ड दिसतो तो हिवाळ्यातला, ऐन पिसाऱ्यातला नर असतो. डोकं आणि मान चमकदार हिरवी, मानेभोवती पांढरी बारीक कडी, छाती गडद तांबूस तपकिरी, अंग राखाडी, बूड काळंभोर, शेपटीच्या बाजू पांढऱ्या आणि वर वळलेली काळी कुरळी पिसं. मादी मात्र अंगभर तपकिरी. तिचं प्रत्येक पीस मध्ये गडद आणि कडेला फिकट, त्यामुळे सगळं अंग खवल्याखवल्यांचं दिसतं. डोळ्यावरून एक काळपट रेघ जाते, तिच्या वर फिकट भुवई. तिचा रंग असा का, तर जमिनीवरच्या गवतातल्या घरट्यात आठ ते तेरा अंड्यांवर ती एकटीच साधारण चार आठवडे बसते. नर उबवणीत भाग घेत नाही, तो त्या सुमारास निघूनच जातो. दोघांत सारखं काय, तर पाय नारिंगी आणि पंखावरचा निळा-जांभळा चमकता पट्टा, ज्याच्या पुढे-मागे एकेक पांढरी रेघ असते. हा निळा पट्टा दिसला म्हणून कुणी नर ठरवतात. तसं करू नका. तो पट्टा मॅलार्डची जात सांगतो, नर-मादी सांगत नाही.

आता अडचण अशी की हे हिरवं डोकं कायम नसतं. पिल्लाला ते नसतं, आणि मोठ्या नराचंही वर्षातले काही महिने नाहीसं होतं. म्हणून मी डोक्यावर भरवसा ठेवत नाही, चोचीवर ठेवतो.

नराची चोच पिवळी किंवा हिरवट पिवळी असते, बुडापासून टोकापर्यंत एकाच रंगाची. टोकाला तेवढी काळी नखी. मादीची चोच नारिंगी, आणि चोचीच्या वरच्या बाजूला मधोमध काळपट तपकिरी धब्बा, घोड्यावर खोगीर टाकावं तसा. काही माद्यांमध्ये हा धब्बा इतका पसरतो की नारिंगी रंग कडेकडेलाच उरतो, काहींमध्ये नुसते ठिपके असतात. पण मादीची चोच अशी डागाळलेली आणि नराची स्वच्छ, हा फरक बाराही महिने टिकतो. पिसं गळली तरी टिकतो. म्हणूनच ही खूण पहिली.

पिल्लांत मात्र घाई करून चालत नाही. पहिल्या महिन्यात सगळ्यांच्याच चोची मळकट करड्या असतात. पाच-सहा आठवड्यांनंतर रंग फुटायला लागतात: नराच्या चोचीत हिरवट झाक येते, मादीच्या चोचीत नारिंगी-तपकिरी. तुमची पिल्लं अडीच महिन्यांची आहेत, तेव्हा फरक दिसायलाच हवा. आठही पिल्लं एकाच वेळी, एकाच उजेडात बघा. एकटं पिल्लू पाहून ‘हिरवट आहे की नारिंगी’ ठरत नाही. शेजारी शेजारी धरली की लगेच दोन गट पडतात. आणि बघण्याआधी चोच ओल्या फडक्याने पुसा. आपल्या काळ्या रानातला चिखल चोचीवर वाळला की हुबेहूब मादीच्या डागासारखा दिसतो. नखाने खरवडलं की निघतो, आणि मादी समजलेला पक्षी नर निघतो. असे फोटो माझ्याकडे बरेच येतात.

खाण्याचाही थोडा परिणाम होतो. चोचीतला पिवळा रंग मका, हिरवळ, शेवाळ यांतल्या रंगद्रव्यातून येतो. ज्यांना नुसता तांदळाचा चुरा मिळतो त्यांची चोच फिकी पडते. अंड्यांवर आलेल्या मादीचाही रंग उतरतो. त्यामुळे पिवळा किती गडद हे मोजत बसू नका, डाग आहे की नाही ते बघा.

दुसरी खूण आवाजाची. माझ्या मते पाळणाऱ्यासाठी हीच सगळ्यात सोपी, कारण हिला डोळे नीट लागत नाहीत, उजेड लागत नाही. आपण बदकाचा आवाज म्हणून मुलांना जो ‘क्वॅक क्वॅक’ शिकवतो, तो फक्त मादीचा आहे. मोठा, फाटक्या गळ्याचा, लांबवर जाणारा. पुष्कळदा ती एकामागून एक अशी आवाजांची माळ लावते, पहिला जोराचा आणि पुढचे उतरत जाणारे. नराला असं ओरडता येत नाही. त्याचा आवाज बसलेल्या घशातून निघावा तसा घोगरा, हलका, ‘रॅब, रॅब’ असा. थंडीत मादीपुढे मिरवताना तो एक बारीक शिट्टीही काढतो. कारण शरीरात आहे: नराच्या श्वासनलिकेच्या खालच्या टोकाला, जिथे आवाज तयार होतो तिथे, डाव्या बाजूला हाडाचा एक पोकळ फुगा असतो. मादीला तो नसतो. पिल्लू अंड्यात असतानाच हा फुगा घडायला लागतो, पण आवाजात फरक ऐकू येतो तो सहा ते आठ आठवड्यांच्या पुढे. तोवर सगळी पिल्लं ‘चीं चीं’च करतात.

तपासणी अशी करा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर बदकं खुराड्यात आली की एकेक उचला. दोन्ही तळहातांनी पंख अंगाशी दाबून, पोटाखाली आधार देऊन उचलायचं. पाय धरून लटकवायचं नाही, बदकाचे पाय कोंबडीपेक्षा नाजूक असतात आणि मांडीच्या सांध्यात निखळतात. मानेला धरून उचलण्याची रीत काही ठिकाणी आहे, मला ती पसंत नाही. उचललेलं बदक बाकीच्यांपासून दहा-पंधरा पावलं दूर न्या. मादी असेल तर ती कळपाला हाक मारणार म्हणजे मारणार, आणि ती हाक सगळ्या शिवाराला ऐकू जाईल. नर असेल तर खरखर करेल, फुसफुसेल, फार तर घोगरं कण्हेल. जो गप्पच राहील त्याच्याबद्दल काही ठरवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. घाबरलेली मादीही कधी कधी तोंड मिटून बसते. ज्याची खात्री झाली त्याच्या पायात रंगीत प्लॅस्टिकची सैल कडी घाला, नरांना एक रंग, माद्यांना दुसरा. वाढत्या पायात कडी रुतते, म्हणून अधूनमधून बदलत राहा. दुपारी बाराला हा उद्योग करू नका. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हातही धरपकड केलेलं बदक धापा टाकायला लागतं.

चोच आणि आवाज जुळले की प्रश्न संपला. दोन्हींत विसंगती आली, म्हणजे चोच डागाळलेली वाटते पण आवाज घोगरा, तर आवाजाचं खरं माना आणि महिनाभराने चोच पुन्हा बघा.

तिसरी खूण शेपटीवरच्या कुरळ्या पिसांची. ती दिसली तर नर, यात शंका नाही. पण ती यायला साधारण चार महिने लागतात, पिसं गळण्याच्या दिवसांत ती पडून जातात, आणि कधी भांडणात दुसरं बदक ती उपटूनही नेतं. तेव्हा कुरळं पीस असणं हा पुरावा आहे, नसणं हा पुरावा नाही. तुमच्या पिल्लांना ती दिवाळीच्या आसपास येतील. त्याच सुमारास नरांच्या डोक्यावर हिरवे ठिपके दिसायला लागतील, आधी गालांवर आणि मानेवर, मग सगळीकडे. महिनाभर ती बदकं मळकट, उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसतात. रोग झाला समजून औषधाला धावू नका.

मोठ्या नरांचं हिरवं डोकं जातं ते असं. वीण आटोपली की नर आपला भपकेदार पिसारा टाकून देतो आणि मादीसारखा तपकिरी होतो. याला एक्लिप्स म्हणतात. थंड देशांतल्या रानटी मॅलार्डमध्ये हे साधारण जून ते सप्टेंबर चालतं, आपल्याकडच्या पाळीव बदकांत थोडं पुढेमागे होतं, पण पावसाळ्यात तळ्यावर ‘सगळे नर कुठे गेले’ असं वाटतं ते यामुळेच. एक्लिप्समधला नर ओळखायचा तर चोच स्वच्छ हिरवट पिवळी, छातीवर मादीपेक्षा जास्त तांबूस छटा, पाठ मादीसारखी खवलेदार न दिसता एकरंगी काळपट. सप्टेंबरच्या सुमारास दुसरी गळ सुरू होते आणि हिरवं डोकं परत येतं. यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी: एक्लिप्सच्या काळात पंखांची मोठी पिसं एकदमच पडतात आणि तीन-चार आठवडे बदकाला उडता येत नाही. माद्यांचंही तसंच, पण पिल्लं मोठी झाल्यावर. तुमची पाळीव बदकं एरवीही फारशी उडणार नाहीत, तरी या दिवसांत मुंगूस, रानमांजर आणि मोकाट कुत्री यांच्यापासून रात्री दार बंद ठेवा.

आता याच्या उलट एक भानगड. म्हातारी किंवा अंडाशय बिघडलेली मादी कधी कधी नरासारखी रंगते. हिरवं डोकं, मानेला कडी, कुरळी पिसंसुद्धा. बदकांमध्ये तपकिरी मादीपिसारा हा अंडाशयातल्या इस्ट्रोजेनमुळे येतो. ते संप्रेरक आटलं की शरीर आपोआप नराच्या पिसाऱ्याकडे वळतं. त्यामुळे ‘आमचं अंडी देणारं बदक नर झालं’ असं कुणी सांगितलं तर हसू नका. तो पक्षी नर झालेला नाही, त्याचा पिसारा तेवढा झालाय. गळा मादीचाच असतो, कारण तो हाडाचा फुगा नंतर उगवत नाही.

एका दिवसाच्या पिल्लाचं लिंग ओळखता येतं का, असंही तुमच्या मनात येईल. येतं, पण घरी नाही. बहुतेक पक्ष्यांच्या नरांना बाह्य जननेंद्रिय नसतं, बदक-हंस कुळातल्या नरांना असतं. त्यामुळे हॅचरीत शिकलेली माणसं पिल्लाचं गुदद्वार हलक्या हाताने उघडून पाहतात आणि सांगतात. हात चुकला तर आतली नाजूक पडदी फाटते, पिल्लू रक्तस्रावाने मरतं किंवा कायमचं अधू होतं. व्हिडिओ पाहून हे करायला जाऊ नका. घाई असेलच तर प्रयोगशाळेत डीएनए तपासणी होते, छातीची ताजी उपटलेली, मुळासकटची चार-पाच पिसं पुरतात. पक्ष्यांत मादीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं असतात आणि नराकडे दोन्ही झेड, त्यावरून उत्तर मिळतं. पण आठ बदकांसाठी तो खर्च करण्यात अर्थ नाही, तुम्हाला फक्त कान उघडे ठेवायचेत.

गावाकडे एक समज पक्का आहे: लांबट अंड्यातून नर, गोल अंड्यातून मादी. मी ऐकतो आणि सोडून देतो. नर-मादी हे बलकासोबतच्या बीजात झेड आहे की डब्ल्यू यावरून ठरतं, कवच त्यानंतर चढतं. कवचाच्या आकाराला आतलं काही माहीत नसतं. अंगठीला दोरा बांधून अंड्यावर फिरवण्याबद्दल तर बोलतच नाही.

बाजारात ‘मॅलार्ड’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा मॅलार्डच्या रंगाचं पाळीव बदक असतं, आणि तसं असलेलंच बरं. जगातली जवळपास सगळी पाळीव बदकं रानटी मॅलार्डपासूनच आली आहेत, अपवाद मस्कव्हीचा. म्हणून वरच्या खुणा पुष्कळ जातींना लागू पडतात, पण सगळ्या सगळ्यांना नाही. खाकी कॅम्पबेलमध्ये नराचं डोकं हिरवं नसतं, कांस्य धातूसारखं तपकिरी-हिरवट चकाकतं, आणि चोच हिरवट. अंड्यांसाठी हीच जात चांगली. नीट ठेवली तर वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, तर मॅलार्ड रंगाची मिश्र बदकं त्याच्या जवळपासही जात नाहीत. तुमचा हेतू अंड्यांचा असेल तर पुढच्या वेळी सरकारी प्रक्षेत्रावरून पिल्लं घ्या. बेंगळुरूजवळ हेसरघट्टा इथे केंद्र सरकारचं बदक पैदास केंद्र आहे, तिथून माहिती मिळते. पांढऱ्या पेकिनमध्ये नर-मादी दोघंही पांढरे, दोघांचीही चोच नारिंगी-पिवळी, तिथे रंग काहीच सांगत नाही. आवाज आणि कुरळं पीस, एवढंच. मस्कव्ही हे वेगळ्याच जातीचं, दक्षिण अमेरिकेतलं बदक: तोंडावर लाल गाठी असलेलं. त्याच्या नराला कुरळं पीस नसतं आणि मादीही ‘क्वॅक’ करत नाही. तिथे आकार बघायचा, नर मादीच्या जवळजवळ दुप्पट असतो. मस्कव्ही आणि मॅलार्ड वंशाचं बदक यांची संतती वांझ निघते, हेही माहीत असू द्या.

आणि एक सांगून ठेवतो. धरणावर जाळं लावून पकडलेली रानबदकं कधीमधी ‘मॅलार्ड’ म्हणून विकायला येतात. ती घेऊ नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार रानबदक पकडणं, विकणं, त्याची अंडी उचलणं गुन्हा आहे, आणि घेणाराही त्यात अडकतो. पाळीव बदक अंगाने जड, पोट खाली लोंबलेलं, चाल डुलत-डुलत. रानटी मॅलार्ड सडपातळ, एक-सव्वा किलोचा, आणि पाण्यावरून सरळ वर झेप घेणारा.

आता नाथसागर. जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झालं आणि १९८६ मध्ये जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. पाणी पसरट आणि उथळ. पावसाळा संपून पाणी हटायला लागलं की काठाची गाळपेराची जमीन उघडी पडते, तिथे चिखलात चरणाऱ्या बदकांचं पोट भरतं. ऑक्टोबर ते मार्च मध्य आशिया आणि सायबेरियाकडून आलेली बदकं इथे असतात: तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भुवई बदक, गडवाल, चक्रवाक. रानटी मॅलार्ड हिवाळ्यात भारतात येतो, पण मुख्यतः उत्तरेत आणि वायव्येत, काश्मीरात थोडी वीणही होते. दख्खनवर तो क्वचित दिसतो. म्हणून मराठवाड्यात कुणी मॅलार्डचा थवा पाहिला म्हणालं की मी आधी दुसऱ्या शक्यता तपासतो.

थापट्याच्या नराचं डोकंही गडद हिरवं असतं, आणि तिथेच फसगत होते. पण त्याची छाती पांढरीशुभ्र, कुशी विटकरी, डोळा पिवळा आणि चोच पुढे फावड्यासारखी रुंद, काळी. मॅलार्डची छाती गडद तपकिरी, कुशी राखाडी, डोळा काळसर, चोच पिवळी. तुम्ही लिहिलंय की बदकं पाण्यात चोच घालून गोल गोल फिरत होती आणि ‘पोटाला पांढरं होतं’. हे वर्णन थापट्याचंच. ते चोचीच्या कडेच्या बारीक दातेरी चाळणीतून पाणी गाळून खातात आणि पुष्कळदा एकमेकांच्या मागे वर्तुळात पोहतात.

हिरव्या रंगाबद्दल आणखी एक. हा रंग रंगद्रव्याचा नाही, पिसांच्या बारीक रचनेवरून उजेड परतताना तयार होतो. सूर्य समोर असेल तर तेच डोकं काळं दिसतं, तिरक्या उजेडात निळं-जांभळं. धरणाची भिंत पूर्वेला पैठणकडे आणि पाण्याचा फुगवटा पश्चिमेला, म्हणून सकाळी पैठणच्या बाजूने पाहिलं की सूर्य पाठीशी येतो आणि रंग खरे दिसतात. संध्याकाळी त्याच जागेवरून सगळी बदकं काळीच.

माद्यांची गोष्ट अधिक अवघड. आपल्याकडे ‘मॅलार्डची मादी’ म्हणून दाखवतात ते बहुतेक वेळा हळदी-कुंकू बदक असतं. हे आपलं बारमाही रहिवासी, मराठवाड्यातल्या तलावांवर वीणही करतं. अंग खवलेदार तपकिरी, त्यामुळे लांबून घोटाळा होतो. पण चोच काळी, टोक हळदीचं पिवळं आणि बुडाशी कुंकवाचे दोन लाल ठिपके, पंखावरचा पट्टा हिरवा, आणि पाठीच्या मागच्या भागात पांढरा ठसठशीत डाग. आणि यात नर-मादी सारखेच दिसतात, नराचे लाल ठिपके जरा ठळक असतात इतकंच. त्यामुळे ‘हिरव्या डोक्याचा एकही नर नाही, नुसत्या माद्यांचा थवा’ असं कुणी सांगितलं की समजावं, हळदी-कुंकू असणार. बाकी तपकिरी माद्यांत गडवालच्या मादीच्या चोचीच्या कडाही नारिंगी असतात, पण तिच्या पंखावरचा पट्टा पांढरा. तलवार बदकाची मादी लांब मानेची, चोच करडी. थापट्याची मादी चोचीच्या आकारावरूनच कळते. पंखावरचा निळा पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या रेघा दिसल्या तरच मॅलार्ड म्हणा.

एक साधा हिशेबही कामाला येतो. मे ते सप्टेंबर या काळात मराठवाड्यातल्या एखाद्या तलावावर मॅलार्ड दिसला, तर तो कुणाच्या तरी खुराड्यातून सुटलेला आहे. रानटी मॅलार्ड तेव्हा इथे नसतो. छत्रपती संभाजीनगरच्या सलीम अली सरोवरासारख्या शहरातल्या पाण्यावर छातीवर पांढरा चट्टा असलेला, जाडजूड ‘मॅलार्ड’ दिसला तरीही तेच समजा. याच्या उलट, ऑक्टोबरच्या शेवटी नाथसागरावर अर्धवट हिरव्या डोक्याचा, सडपातळ, माणूस पाहताच उडणारा नर दिसला, तर चांगला फोटो काढा. त्याची नोंद होण्यासारखी असते.

रानबदकं हाताळून तपासायच्या फंदात मात्र पडू नका, मेलेलं सापडलं तरी. बर्ड फ्लूचे विषाणू रानबदकांत काही लक्षण न दिसताही असू शकतात. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला होता, तेव्हाची धावपळ आपल्या भागातल्या पुष्कळांना आठवत असेल. तुमच्या शेततळ्यावर हिवाळ्यात रानबदकं उतरत असतील तर पाळीव बदकांचं खाणं उघड्यावर टाकू नका, खुराड्यातच द्या.

नर-मादी कळल्यावर करायचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण आठ पिल्लांत चार नर निघाले तर प्रश्न उभा राहणारच. पाच-सहा माद्यांना एक नर पुरतो. जास्त झाले की थंडीत, वीण सुरू होताना, दोन-तीन नर एकाच मादीच्या मागे लागतात, तिच्या मानेची पिसं उपटतात, आणि पाण्यात तिला दाबून धरतात. त्यात मादी बुडून मरते. प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यात हे जास्त घडतं, कारण निसरड्या काठावरून तिला पटकन बाहेर येता येत नाही. एका कोपऱ्यात गोणपाट गुंडाळलेली फळी किंवा गाठी मारलेला जाड दोर सोडा, पिल्लांनाही चढायला लागतो. जास्तीचे नर वेगळे ठेवा, नाहीतर देऊन टाका. आणि अंडी हवीत एवढाच हेतू असेल तर एकही नर ठेवण्याची गरज नाही, नराशिवायही मादी अंडी देते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत.

पुन्हा फोटो पाठवाल तेव्हा वरून काढलेला नको, पाठ पाहून काही कळत नाही. प्रत्येक बदकाचा चोचीचा एक बाजूने, पंख हलकेच उघडून एक, आणि शेपटीचा एक मागून. सावलीत काढा, फ्लॅश बंद ठेवून. आणि सोबत दूर नेल्यावर काढलेल्या आवाजाचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग जोडा. कोणतं रेकॉर्डिंग कोणत्या कडीच्या बदकाचं, ते आधी बोलून ठेवा, म्हणजे माझा गोंधळ होणार नाही.